तलवारीची धार आणि शिकलगार

दक्षिणेंतील जुन्या तलवारींविषयीं लिहितांना लेखक बहुधा दोन गोष्टींचा विचार करितात : पोलाद कोठलें आणि मूठ कोणत्या घडणीची. पोलादाच्या ओघांत तेलंगणांतील कोनासमुद्रम् येथील भट्ट्या, तेथून इराणांत जाणाऱ्या पोलादाच्या वड्या आणि पात्यावरील जौहर यांचें वर्णन येतें. धार कोणी लाविली, कोणत्या आकाराची लाविली आणि ती टिकविली कशी, हा प्रश्न मात्र मागें राहतो. वस्तुतः तलवारीचें कार्य धारेनेंच होतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, दक्षिणी तलवारीच्या ख्यातीचें श्रेय जितकें लोहाराचें तितकेंच, आणि कित्येक प्रसंगीं त्याहूनहि अधिक, शिकलगाराचें आहे; व त्याच्या विद्येचा जो पुरावा पात्यांवर अद्यापि उरला आहे, तो आपल्याच हातून पुसला जात आहे.

या बाबतींत एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची साक्ष फार मोलाची आहे. १५ व्या हुझार रिसाल्यांतील कॅप्टन लुई नोलन याचा घोडदळाच्या इतिहासावरील ग्रंथ लंडनास १८५३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढील वर्षीं बालाक्लाव्हाच्या लढाईंत तो मारला गेला. हिंदुस्थानांत असतांना निजामाच्या बेकवायती रिसाल्याची बंडखोर रोहिल्यांशीं झालेल्या एका चकमकीची हकीकत त्याच्या कानावर आली. जखमांच्या यादींत एकाच वारानें तुटलेले हात, पाय व मुंडकीं यांची नोंद पाहून तो चकित झाला. हीं कोणतीं अद्भुत पातीं, हें शोधण्यास तो हैदराबादेकडील या स्वारांस जाऊन भेटला. तेथें त्यास आढळलें तें असें कीं, स्वारांच्या हातांतील बहुतेक पातीं इंग्रजी घोडदळानें जुनीं म्हणून टाकून दिलेलींच होतीं ! स्वारांनीं त्यांस आपल्या पद्धतीच्या लहान व चपट्या मुठी बसविल्या होत्या. मुठीपासून टोंकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार लाविली होती. म्यानें लांकडी होतीं, आणि प्रत्यक्ष लढाईवांचून तलवार म्यानाबाहेर काढण्याची चाल नव्हती. तलवार मारण्याची कांहीं विशेष विद्या तुम्हांस शिकवितात काय, असें विचारतां एका वृद्ध स्वारानें उत्तर दिलें, त्याचा आशय असा : तशी कांहीं शिकवण नाहीं, धार असेल तर तलवार कोणाच्याहि हातीं कापते.

या साक्षीचें महत्त्व उघड आहे. पोलाद एकच, पातें एकच. एका सैन्यांत तें निरुपयोगी ठरलें, दुसऱ्यांत भयंकर झालें. इंग्रजी स्वाराचें म्यान पोलादी असे. रोजच्या कवाइतींत तलवार काढतांना व घालतांना धार त्यावर घासे, आणि युद्धाचा दिवस येईपर्यंत बोथट होई. फरक धातूंत नव्हता, धार लावण्यांत व राखण्यांत होता. मराठ्यांच्या शस्त्रागारांतहि हाच प्रकार वेगळ्या रीतीनें दिसतो. ‘फिरंग’ हें नांवच सांगतें कीं तिचें पातें युरोपांतून आलेलें. कोल्हापूरच्या छत्रपतींनीं १८७५-७६ च्या दौऱ्यांत प्रिन्स ऑफ वेल्स यांस दिलेल्या, व सध्यां इंग्लंडच्या राजसंग्रहांत असलेल्या तलवारीचेंहि पातें युरोपीय घडणीचें आहे. पातें परदेशचें असलें तरी तें वापरतां ठेवणारा हात येथलाच होता.

आतां धारेच्या आकाराकडे वळूं. पातें आडवें कापलें आहे अशी कल्पना केल्यास धारेजवळचा भाग तीन प्रकारचा असूं शकतो. विलायती वस्तऱ्याचा भाग दोन्ही बाजूंनीं खोलगट असतो. तो केसास उत्तम, पण हाडावर पडल्यास त्याचे तुकडे पडतात. सपाट उताराची धार करण्यास सोपी, परंतु उतार जेथें पात्यास मिळतो तेथें एक कंगोरा राहतो व तो कापतांना अडतो. तिसरा प्रकार फुगीर धारेचा. यांत दोन्ही बाजू किंचित् बाहेर वळत एका रेषेंत मिळतात. धारेच्या लगत मागें पोलादाचा भरणा राहिल्यामुळें ती लवकर तुटत नाहीं किंवा मुरडत नाहीं. आणि कंगोरा नसल्यामुळें कापलेला पदार्थ दोन्ही बाजूंस सहज सरकतो. जुन्या तलवारींच्या अनेक पात्यांवर अशी फुगीर धार पाहावयास मिळते. नोलनची वस्तऱ्याची उपमा तीक्ष्णतेपुरती घ्यावयाची, आकाराची नव्हे. ज्या पात्यांनीं हाडें तोडलीं त्यांची धार वस्तऱ्याप्रमाणें खोलगट असणें संभवत नाहीं. ती फुगीर असावी, असें आमचें अनुमान आहे.

ही धार करणें व राखणें हें शिकलगाराचें काम. शब्द मूळ अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून उजळणें, यापासून फारसीच्या वाटेनें मराठींत आला. त्याचें मुख्य साधन कुरुंदाची भुकटी लाखेंत घट्ट करून केलेलें सहाणेचें चाक. दुसऱ्यानें दोरी किंवा वादी ओढून तें फिरवावयाचें. कुरुंद दक्षिणेंत विपुल मिळतो. इंग्रजांनीं त्या दगडाचें नांवहि तमिळ भाषेंतून उचललें आहे. चाकावर पातें एकाच कोनांत धरल्यास सपाट उतार पडतो. म्हणून फुगीर धारेसाठीं मनगट हळूहळू वळवीत पातें पाठीकडून धारेकडे लोळवावें लागतें. साध्या दगडावरहि हीच युक्ति. शेवटचें काम चामड्यावर. तेथें पाठ पुढें व धार मागें ठेवून पातें ओढावयाचें. उलट ओढल्यास चामडेंच कापलें जातें. चामडें दाबाखालीं किंचित् दबून धारेच्या फुगीरपणास बिलगतें, म्हणून आकार न मोडतां तीक्ष्णता परत येते. मात्र दाब अधिक झाल्यास तेंच चामडें धारेस वेढून तिला गोल करतें. वारंवार पण हलक्या हातानें चामड्यावर फिरविलेल्या पात्यास दगडाची गरज क्वचितच पडते, आणि पोलाद झिजत नाहीं. तेलाचा हात व लांकडी म्यान यांनीं हें काम पुरें होतें.

फुगीर धार हें केवळ आपल्याकडचेंच वैशिष्ट्य नव्हे. जपानांत तिला शिंपल्याच्या आकारावरून ‘हामागुरी-बा’ म्हणतात, आणि तलवार घासून उजळण्याची कला तेथें लोहाराच्या कलेहून स्वतंत्र मानिली गेली. होनामी घराणें पिढ्यानपिढ्या राज्यकर्त्यांच्या तलवारी घासण्याचें व पारखण्याचें काम करीत असे. १८७६ सालीं जपानांत तलवार बाळगण्यास बंदी झाली; १८७८ सालीं हिंदुस्थानांत हत्यारांचा कायदा आला. अंतर दोन वर्षांचें, परंतु परिणाम अगदीं भिन्न. जपानांत पातीं व घासण्याची विद्या जतन करण्यासाठीं १९४८ सालीं संस्था उभी राहिली, आणि पुढें कित्येक निष्णात कारागिरांस सरकारनें जिवंत राष्ट्रनिधि हा मान दिला. आपल्याकडे १८७८ चा कायदा १९५९ च्या नव्या कायद्यानें रद्द होईपर्यंत ८० हून अधिक वर्षें गेलीं. तोंवर शिकलगार सुऱ्या, कातऱ्या व विळ्या यांच्या धारेवर पोट भरूं लागला होता. शिकलगार हें आडनांव महाराष्ट्रांत आजहि आढळतें. तलवारीचें काम मात्र त्या घरांतून बहुतांशीं गेलें.

ग्रंथांतून ही उणीव भरून निघणारी नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील खड्गलक्षणांत ५० अंगुळांची तलवार उत्तम म्हटली आहे. व्रण, ध्वनि, गंध व पाणी देण्याच्या कृति यांचाहि तेथें विचार आहे. परंतु तो पाहणाराचा व मालकाचा ग्रंथ. मनगट किती वळवावें हें त्यांत शोधून मिळणार नाहीं. ती विद्या लिहिली गेली ती पात्यावरच. म्हणून धारेचा आकार हा आमच्या मतें शिलालेखाच्याच तोडीचा पुरावा आहे.

आणि हाच पुरावा वर्षानुवर्षें नष्ट होत आहे. खंडेनवमीच्या पूजेपूर्वीं घराण्यांतील तलवारी विजेच्या चाकावर चकाकविल्या जातात. क्वचित् नवी सपाट धारहि लाविली जाते. एका दुपारीं तीन शतकांचा वळसा निघून जातो, व तो पुन्हां बसवितां येत नाहीं. ज्यांच्या घरीं अशीं पातीं आहेत त्यांस आमची विनंति एवढीच कीं, पूजेसाठीं धूळ पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. चाक लावूं नये. पातें उजेडांत हळू फिरवून पाहावें : सपाट उतारावर प्रकाशाची कड एकदम तुटते, फुगीर धारेवर ती अखंड सरकत जाते. त्यानंतर धारेपासून २, ५ व १० मिलिमीटरांवर जाडी मोजून लिहून ठेवावी. निरनिराळ्या प्रांतांतील अशीं शंभर मापें जमलीं तर कोणत्या शस्त्रास कोणती धार लाविली जात असे, हें अनुमानावर न राहतां आंकड्यांनीं सांगतां येईल. आणि ज्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत त्या कारागिरांचें काम इतिहासांत नोंदलें जाईल.