उशाशी बसणाऱ्यांचा अधिकार

मरणाच्या वाटेवरल्या रुग्णाची शुश्रूषा करायला माया पुरे, परिचारिकेला पदवीनंतरचे शिक्षण कशाला, हा आक्षेप जुनाच. लंडनच्या हॅकनी भागातले सेंट जोसेफ्स हॉस्पिस, म्हणजे अशाच रुग्णांचे शुश्रूषागृह, मात्र त्याविरुद्ध साक्ष देते. १९०५ पासून तिथे आयरिश जोगिणी सेवा करत होत्या आणि मायेत त्या उण्या नव्हत्या. तरीही १९५८ मध्ये सिसिली सॉन्डर्स तिथे डॉक्टर म्हणून आल्या, तेव्हा वेदना उसळली की मगच औषध, अशी रीत होती. एका डोसाचा अंमल उतरण्याआधीच पुढचा, ठरल्या वेळी, ही पद्धत त्यांनी लंडनमधल्याच सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या संस्थेत स्वयंसेविका म्हणून पाहिली होती. ती त्यांनी इथे रुजवली आणि हजारावर रुग्णांच्या नोंदी ठेवून पारखली. जोगिणी त्याच राहिल्या, वेदना मात्र आटोक्यात आली.

सॉन्डर्स मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, आणि डॉक्टर झाल्याशिवाय तुमचे कोणी ऐकणार नाही, असा सल्ला एका शल्यचिकित्सकानेच दिल्यावर त्या १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. याला जिद्दीची कथा म्हणतात. मला त्यात परिचर्येचा अपमानही दिसतो. उशाशी बसून जे उमगले ते सांगायलाही दुसऱ्या पेशाचा शिक्का लागला. १९६३ मध्ये त्यांचे व्याख्यान ऐकून येल विद्यापीठाच्या परिचर्या विभागाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी पुढे ते पद सोडले आणि अमेरिकेत हॉस्पिस उभारायला घेतले. शिकलेली परिचारिका खाटेपासून दुरावते असे म्हणतात. तसे घडतेही, पण बहुधा बढतीची वाट कार्यालयाकडेच जाते म्हणून. वॉल्ड तर उलट दिशेने गेल्या.

माझ्या मते खरी उणीव आहे ती अधिकाराची, आणि ती युगांडाने ओळखली. डॉक्टर ॲन मेरिमन यांनी १९९३ मध्ये तिथे हॉस्पिस सुरू केले, तेव्हा डॉक्टर मोजकेच होते. म्हणून नऊ महिन्यांचा खास अभ्यासक्रम आखला गेला आणि २००४ मध्ये तो पुरा केलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याची कायदेशीर मुभा मिळाली. परिचारिकेच्या हाती असे औषध धोक्याचे, ही शंका रास्त आहे. तिथे मुभा सरसकट न देता शिक्षणाशी बांधली ती त्यासाठीच. आपल्याकडे वांद्र्याचे शांती अवेदना हे हॉस्पिस १९८६ मध्ये उघडले, त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन दुर्मीळ केले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचा गुंता बराच सोडवला, पण औषध लिहिणारा हात डॉक्टरचाच राहिला.