जुन्या मोटारीच्या वायरिंगमध्ये दडलेला इतिहास

#थ्रेड

वर्ध्यात आवर्जून सांगितली जाणारी एक आठवण आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास आले. त्या काळात जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले जात आणि तिला गमतीने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत. ऑक्स म्हणजे बैल. विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. कारखान्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या अशा गावी मोटार बंद पडली, तर तिच्यातील विजेचा दोष शोधायचा कसा?

फोर्डच्या ‘मॉडेल टी’त (१९०८ ते १९२७) हा प्रश्न पुष्कळ सोपा होता. तिच्या फ्लायव्हीलवरच लोहचुंबक बसविलेले असत. हँडल मारले की ठिणगीपुरती वीज तेथेच निर्माण होई. बॅटरीवाचूनही गाडी चाले. पुढे बॅटरी, डायनामो आणि कट-आउट या त्रयीवर सारी भिस्त आली, आणि खरी गुंतागुंत सुरू झाली.

बॅटरीचे एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. त्यालाच ‘अर्थ’ म्हणतात. परंतु कोणते टोक? यावर जगात एकमत नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या अमेरिकी लष्करी जीपा ६ व्होल्टच्या आणि मायनस अर्थच्या. जुन्या फोर्ड ६ व्होल्टच्याच, पण प्लस अर्थच्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेल्या लँडमास्टर आणि सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडर १२ व्होल्ट, प्लस अर्थ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९५४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० पुन्हा मायनस अर्थ! एकाच मेकॅनिकच्या दारात या चारही जातींच्या गाड्या उभ्या राहू शकत.

बॅटरी उलटी जोडली गेली तर काय होई? दिवे लागत, सेल्फही फिरे, म्हणून चूक चटकन लक्षात येत नसे. मात्र अँमीटरचा काटा उलट्या दिशेला जाई आणि प्लगवरील ठिणगी दुबळी होई. डायनामोची ध्रुवता बॅटरीशी जुळत नसे ती वेगळीच. यावर जाणत्याचा उपाय मोठा सुबक होता. लुकासच्या डायनामोवर ‘एफ’ खुणेच्या टर्मिनलची तार सोडवून तेथे बॅटरीच्या जिवंत टोकाची तार क्षणभर दोन-तीनदा टेकवायची. बारीक ठिणग्या उडाल्या की आतील लोखंड योग्य दिशेने चुंबकित होई.

आता सरकारी धोरणाकडे वळू. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, भारतात गाड्या प्रत्यक्ष बनविण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना नुसती जुळणी करून राहणे अशक्य झाले. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र मागे राहिल्या, सुट्या भागांवाचून. नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. अशा काळात जुनी गाडी मोडीत काढणे परवडणारे नव्हते. घरच्या अंगणात दोष शोधण्याची विद्या हौसेपेक्षा या टंचाईतून वाढली, असे माझे मत आहे.

या विद्येचे मुख्य हत्यार म्हणजे एक बल्ब आणि दोन तारा. एक तार सांगाड्याला पक्की लावायची. दुसरी बॅटरीपासून क्रमाने पुढे न्यायची: अँमीटर, चावीचा स्विच, फ्यूज, कॉइल. बल्ब जेथे विझेल, त्याच्या आणि मागच्या ठिकाणाच्या मध्ये दोष. जळालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे हा मात्र आत्मघात होता. फ्यूज वाचे, वायरिंग जळे.

सर्वांत फसवा दोष अर्थचाच. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसते, म्हणून ते सांगाड्याशी एका पट्टीने जोडलेले असते. त्या पट्टीचा बोल्ट गंजला की सेल्फचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट धुंडाळतो, आणि ती वाट अनेकदा चोकच्या तारेची असते. सेल्फ मारताना चोकची तार तापली, तर बॅटरीला दोष न देता आधी ती पट्टी घासावी.

शेवटी कापूस. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या बाजारात स्वतःच्या नावाने ओळखला जाई. इंग्लंडमधून येणाऱ्या गाड्यांच्या तारांनाही रबरावर सुती विणीचेच वेष्टण असे. प्लास्टिकचे वेष्टण १९५० च्या दशकात रुळले. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आतले रबर कडक होऊन तडकते आणि वरचे सूत पावसाळी ओल धरून ठेवते. उघडी पडलेली तार सांगाड्याला टेकली की रात्रीतून बॅटरी उतरते. अशा वेळी सर्व स्विच बंद करावेत, बॅटरीची एक तार सोडवून मध्ये लहान बल्ब जोडावा. तो मंद का होईना पेटला, तर वीज कोठेतरी गळते आहे. मग एकेक तार सोडवीत जावे. जी सोडवताच बल्ब विझेल, ती चोर.