अंतराळयानातील पाण्याची परीक्षा

विहिरीच्या पाण्याविषयी शंका आली, तर आपण बाटली भरून प्रयोगशाळेकडे धाडतो आणि निकाल येईतो शेजारच्या विहिरीवर जातो. अंतराळयानात शेजारची विहीर नाही, आणि प्रयोगशाळा तर पृथ्वीवर राहिलेली. मग तेथील पाणी निर्धास्तपणे प्यावे, हे ठरवावयाचे कोणी व कसे?

अमेरिकेच्या जेमिनी यानांत १९६५ साली हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणारे घट प्रथम नेण्यात आले. त्यांत विजेबरोबर पाणीही तयार होते. परंतु घटांतील पडद्यांची द्रव्ये त्यात उतरत असल्यामुळे पिण्याचे पाणी पृथ्वीवरूनच न्यावे लागले. अपोलो यानांतील घट निराळ्या बनावटीचे होते व त्यांचे पाणी पिण्यास योग्य ठरले. त्यात रोज क्लोरीनचे द्रावण पिचकारीने सोडीत, आणि प्रवासी चवीबद्दल कुरकुरत. (आमच्या गावच्या आडात ब्लीचिंग पावडर पडली, की घरोघरी हीच कुरकुर!) १९६९ साली अपोलो ११ च्या प्रवाशांस पाण्यातील हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी सतावले, पोटे फुगली. खरी परीक्षा मात्र उड्डाणापूर्वी आणि परतल्यावर, जमिनीवर. आठ-बारा दिवसांच्या प्रवासात एवढ्यावर निभावले.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसे महिनोन्‌महिने राहतात. तेथे रशियन बाजूच्या पाण्यात रुपे, तर अमेरिकन बाजूच्या पाण्यात आयोडीन घालतात. आयोडीनचा कंठग्रंथीवर परिणाम होतो, म्हणून ते पिण्यापूर्वी काढून टाकतात. नोव्हेंबर २००८ मध्ये एन्डेव्हर यानाने तेथे मूत्र व हवेतील बाष्प शुद्ध करणारे यंत्र नेले. ऐकून कोणी नाक मुरडील. परंतु यंत्र बसताच कोणी पेला ओठांस लावला नाही. नमुने पृथ्वीवर आणून तपासण्यात आले, आणि २० मे २००९ रोजी परवानगी मिळाल्यावरच पडाल्का, बॅरट व वाकाटा या तिघांनी ते पाणी प्यायले.

त्याच यानातून एक परीक्षायंत्रही गेले होते. पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करून त्यांतून निघणारा कार्बन डायॉक्साइड ते मोजते. लिटरमागे ३ मिलिग्रॅम कार्बन ही त्या वेळची मर्यादा. पण या यंत्राची एक मोठी उणीव आहे. कार्बन किती, एवढेच ते सांगते. तो कोणत्या द्रव्याचा, हे सांगत नाही.

२०१० साली आकडा चढू लागला. विष असेल काय? स्थानकातील कोणीही याचे उत्तर देऊ शकत नव्हते. पाणी त्याच माणसांना प्यावयाचे होते, आणि निदान मात्र पृथ्वीवर नमुना पोहोचेतो थांबले होते. नमुने सोयूझ यानातून खाली आले, आणि डायमिथिलसिलेनडायॉल हे द्रव्य सापडले. सौंदर्यप्रसाधने व स्थानकातील इतर वस्तू यांतील सिलिकोन हवेत मिसळते, तेथून बाष्पात उतरते, व त्यापासून हे द्रव्य बनते. सापडले तेवढ्या प्रमाणात ते अपायकारक नव्हते. गाळण्याचे थर भरून गेल्यामुळे ते पलीकडे निसटत होते. थर बदलताच आकडा उतरला. पुढेही तो अधूनमधून चढलाच.

स्थानकातून बाटल्या खाली धाडण्याची सोय निदान आहे. मंगळाच्या वाटेवर परतणारे यान मिळावयाचे नाही, म्हणून द्रव्याचे नावही जागच्या जागी सांगेल असे यंत्र घडविण्याची खटपट आज चालली आहे.