प्रशिक्षण उड्डाणांतील हवाई टक्कर : धोका आणि प्रतिबंध

उड्डाणात असलेली दोन विमाने एकमेकांवर आदळण्याच्या घटना विरळ असल्या, तरी त्यांतून बचावण्याची शक्यता अत्यल्प असते. वैमानिक प्रशिक्षणात हा धोका अधिक असतो. कारण अनेक छोटी विमाने एकाच धावपट्टीभोवती कमी उंचीवर उड्डाण व अवतरणाचा सराव करतात. ८ जुलै २०२५ रोजी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाखजवळ अशाच सरावातील दोन सेसना विमानांची टक्कर होऊन दोन्ही प्रशिक्षणार्थींचा मृत्यू झाला. त्यांपैकी एक केरळचा होता. भारतात गोंदिया, बारामती, फुरसतगंज यांसारख्या केंद्रांवर तरुण वैमानिक घडत असताना या धोक्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

डोळ्यांची मर्यादा

अशा टकरी बहुतांशी दिवसा, स्वच्छ हवामानात आणि विमानतळाच्या परिसरात होतात. दृश्य नियमांनुसार उड्डाण करताना ‘पाहा आणि टाळा’ हे मूलतत्त्व असते. परंतु दृष्टीला मर्यादा आहेत. समोरचे विमान दिसणे, धोका उमगणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यांस सुमारे १२.५ सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. ताशी २२० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आल्यास तेवढ्या अवधीत त्यांच्यातील सुमारे दीड किलोमीटर अंतर संपते.

शिवाय, टकरीच्या मार्गावरील विमान काचेतून एकाच जागी स्थिर असल्यासारखे दिसते. हालचाल न जाणवल्याने डोळा ते सहज टिपत नाही. जवळ आल्यावरच त्याचा आकार झपाट्याने वाढतो. विमानाची रचनाही दृष्टीआड क्षेत्र निर्माण करते. पंख वर असलेल्या विमानातून वरचा, तर पंख खाली असलेल्या विमानातून खालचा भाग झाकला जातो. अवतरणाच्या अंतिम टप्प्यात दुसऱ्या प्रकारचे विमान पहिल्याच्या वर आले, तर दोघांनाही परस्परांचा पत्ता लागत नाही.

निरीक्षण आणि नियम

यावरचा पहिला उपाय म्हणजे शिस्तबद्ध निरीक्षण. आकाशावरून नुसती नजर फिरवणे पुरेसे नसते. सुमारे १० अंशांच्या एकेका भागावर किमान एक सेकंद दृष्टी स्थिरावावी लागते. तीव्र वळणे किंवा स्टॉलच्या सरावापूर्वी दोन्ही बाजूंना वळून परिसर मोकळा असल्याची खात्री केली जाते.

आंतरराष्ट्रीय नियमही स्पष्ट आहेत. समोरासमोर आल्यास दोन्ही विमानांनी उजवीकडे वळावे. मार्ग छेदत असल्यास, ज्याच्या उजव्या बाजूस दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने उजवीकडून जावे. अवतरणासाठी येणाऱ्यांत खालच्या विमानास प्राधान्य असते. मात्र त्याचा गैरफायदा घेऊन दुसऱ्यापुढे घुसता येत नाही. रेडिओवरून स्वतःचे स्थान, उंची व हेतू नेमक्या शब्दांत कळवणे आणि इतरांचे संदेश ऐकून त्यांच्या स्थानांचे चित्र मनात उभे करणे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

उपकरणांची जोड

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन मोठ्या विमानांच्या टकरीत ३४९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतात मोठ्या प्रवासी विमानांसाठी टक्कररोधक प्रणाली, म्हणजे ‘टीकॅस’, सक्तीची झाली. छोट्या प्रशिक्षण विमानांत ती सहसा नसते. तेथे ‘एडीएस-बी’ हा पर्याय उपयुक्त ठरतो. या प्रणालीत विमान आपले स्थान सतत प्रसारित करते आणि ग्राहक यंत्र असलेल्या अन्य विमानांना ते दिसते.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मँगलोर येथे १९ फेब्रुवारी २०२० रोजी दोन प्रशिक्षण विमानांच्या टकरीत चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही विमाने आपले स्थान प्रसारित करीत होती. नियंत्रकाने दोघांना एकमेकांची माहितीही दिली होती. मात्र, परस्परांचे प्रसारण ग्रहण करणारे यंत्र एकाही विमानात नव्हते.

तथापि, ट्रान्सपाँडर बंद असलेले विमान कोणत्याही पडद्यावर दिसेलच असे नाही आणि पडद्यात गुंतलेली नजर बाहेर पाहू शकत नाही. त्यामुळे दृष्टी, नियम, संवाद आणि उपकरण या चारही स्तरांचा एकत्रित वापर आवश्यक असतो. सूचना देत असतानाही प्रशिक्षकाने बाहेर लक्ष ठेवणे आणि पहिल्या धड्यापासून विद्यार्थ्याला तीच सवय लावणे, हा या संरक्षणाचा पाया आहे.