होडी तुटत नाही, उलटते

लवासातल्या दासवेचे ते रंगीत इमारतींचे फोटो तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिले असतील. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर उभ्या केलेल्या इमारती आणि समोर शांत पाणी. हे तळं निसर्गानं दिलेलं नाही. मोसे नदीच्या खोऱ्यातलं हे अडवलेलं पाणी. याच नदीवर पुढे वरसगाव धरण आहे, आणि त्याच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. लवासा उभारणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, कित्येक इमारती अर्धवट राहिल्या, तरी सुट्टीच्या दिवशी पुण्याहून माणसं येतातच. पाणी दिसलं की प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतं, "बोटिंग आहे का?" आणि काठावर पोचल्यावर दुसरं कुणीतरी विचारतं, "बोट मजबूत आहे ना?"

या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला लिहायचंय. कारण आपल्याकडचे जुने-नवे अपघात एकेक करून बघितले, तर त्याचं उत्तर बऱ्याचदा "हो, बऱ्यापैकी मजबूत होती" असंच निघतं. माणसं तरीही बुडाली.

मराठी माणसाला आठवणारा सगळ्यात मोठा अपघात 'रामदास'चा. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट ऐन पावसाळ्यात, किनारा फार लांब नसताना उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रामदास काही होडकं नव्हतं. १९३६ साली बांधलेलं ते आगबोटीच्या जातीचं भक्कम जहाज होतं. मोठ्या लाटेनं बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला धावले आणि बोट पुन्हा सरळ झालीच नाही. रामदासला बुडवायला तळाला भोक पडावं लागलं नाही.

मी मेकॅनिकल शिकून कोड लिहिणाऱ्या असंख्य पोरांपैकी एक. चार वर्षांतलं बरंचसं विसरलो, पण फ्लुइड मेकॅनिक्सचं एक प्रॅक्टिकल डोक्यात राहिलंय. पाण्याच्या टाकीत पत्र्याची एक छोटी चौकोनी नाव तरंगत असते. तिच्यावर आडवी पट्टी, पट्टीवर सरकवता येणारं वजन आणि कोन मोजायला एक लंबक. वजन थोडं बाजूला सरकवलं की नाव कलते आणि तिथे थांबते. कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाणी तिथे जास्त जोरानं वर ढकलतं आणि नावेला सावरतं. तेच वजन उंचावर ठेवून तेवढंच सरकवा, नाव जास्त कलते. आणखी उंच न्या, मग एका क्षणी पाण्याचा आधार कमी पडतो आणि नाव पालथी होते. प्रत्येक वेळी वजन तेवढंच असतं, नावही तीच.

आता त्या वजनाच्या जागी माणसं ठेवा. साठ किलोची दहा माणसं म्हणजे सहाशे किलो. लहान होडीत सगळ्यात जड सामान माणसंच असतात, आणि हे सामान स्वतःहून हलतं. ते उभं राहतं, फोटोसाठी एका कडेला जमतं, घाबरलं की धावतं. तळाशी साचलेलं पाणीही कललेल्या बाजूकडेच वाहत जातं आणि उरलीसुरली कसर भरून काढतं.

होडी सावरून उभी राहावी यासाठी काय करता येतं, याचा एक सुंदर धडा मुंबईतच घडलाय. ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीतल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्यानं मुंबईत एक शिडाची नौका बांधून घेतली. लांबी ३२ फूट, लाकूड सागवान. नाव 'सुहेली'. आकार नॉर्वेतल्या जुन्या बचाव-नौकांवरून घेतलेला आणि वजन खाली, तळाशी. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडहून एकटाच निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी तोच एकटा शेवटापर्यंत पोचला. दक्षिणेच्या महासागरात एका लाटेनं सुहेलीला आडवी पाडली, केबिन जागची हलली, पण तळाच्या वजनानं नौका पुन्हा उभी राहिली.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच प्रवासाच्या स्मरणार्थ झालेल्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी सुहेलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन उतरले. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळानं थुरिया लोळवली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. त्यांना हलताही येत नव्हतं. पण नौका तरंगत राहिली, आणि फ्रेंच गस्ती जहाज येईपर्यंत तिनंच त्यांना सांभाळलं.

हे योगायोगानं घडलेलं नाही. १९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड-आयर्लंडजवळच्या 'फास्टनेट' शर्यतीत ३०३ नौका वादळात सापडल्या आणि १५ खलाशी मेले. खलाशांनी २४ नौका सोडून दिल्या. त्यातल्या फक्त पाच बुडाल्या. बाकीच्या १९ नंतर समुद्रात तरंगताना सापडल्या. तेव्हापासून शिडाच्या नौकांच्या जगात एक नियम पक्का झालाय: होडी खरोखर पायाखालून जात नाही तोवर तिला सोडू नका.

ही समुद्रातल्या महागड्या नौकांची गोष्ट झाली, पण मजेसाठीच्या साध्या मोटरबोटीही चिवट करता येतात. अमेरिकेत डिक फिशर नावाच्या माणसानं फायबरच्या दोन कवचांमध्ये फेस भरून लहान बोटी बनवायला सुरुवात केली. १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकानं त्याचे फोटो छापले. तो पाण्यावरच्या बोटीत बसलाय, बोट करवतीनं मधोमध कापली जातेय, आणि मग इंजिनवाला अर्धा भाग चालवत तो निघून जातो. पुढे अमेरिकेनं लहान बोटींसाठी नियमच केला, की पाणी भरलं तरी बोट माणसांना धरून तरंगली पाहिजे. पॅसेंजरला पोहता येईलच असं तिथे गृहीत धरलेलं नाही.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. समुद्र सोडला तर महाराष्ट्रातलं बोटिंग बहुतेक धरणांवरच चालतं. मुळशी तालुक्याला तर धरणांचा इतिहास नवा नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला आणि पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण झालंच. धरण झालं की जमिनीसोबत वाटाही पाण्याखाली जातात. म्हणून एकाच प्रकारच्या पाण्यावर दोन प्रकारच्या होड्या चालतात: पर्यटकाची मजेची आणि पलीकडच्या गावाची गरजेची. कोयनेच्या शिवसागरावर, बामणोली-तापोळ्याकडे, लाँच दोन्ही कामं करते. धरणाचा काठही नदीच्या घाटासारखा किंवा चौपाटीसारखा नसतो. तो बुडालेला डोंगरउतार असतो, दोन पावलांत पाय तळाला लागत नाही.

या पाण्यांवरचे अलीकडचे अपघात बघा. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात तरुणांनी होडीतून फेसबुक लाइव्ह केलं आणि थोड्याच वेळात होडी उलटली. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीला निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून बाहेर आला, सहा गेले. हे मजेला निघाले नव्हते, पलीकडच्या गावाला निघाले होते. त्याच वर्षी जानेवारीत बडोद्याच्या हरणी तलावावर शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि जॅकेट सगळ्यांना नव्हती. १८ डिसेंबरला मुंबईत नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर आदळली, तो प्रकार वेगळा होता, तिथे होडी खरंच फुटली. पण ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या त्या बोटीतही शंभरावर माणसं होती.

गर्दी, वारा, उभी राहिलेली माणसं, नसलेली जॅकेट. रामदासपासून यादी फारशी बदललेली नाही. अपघातानंतर बातमी येते, नावाड्यावर गुन्हा दाखल होतो, बोटिंग काही दिवस बंद राहतं. देशातला अंतर्गत जलवाहतुकीचा जुना कायदा १९१७ चा होता आणि त्याची नजर इंजिनवाल्या बोटींवर होती. २०२१ च्या नव्या कायद्यानं वल्ह्याच्या होड्यांचीही नोंद स्थानिक संस्थांनी ठेवावी असं म्हटलं. धरणाकाठच्या ग्रामपंचायतीनं ती वही उघडली का, हे आपण पर्यटकही विचारू शकतो.

तोवर काठावर उभं राहून विचारायचे प्रश्न बदलूया. किती जणांची होडी आहे आणि आत्ता किती जण बसणार? जॅकेट माझ्या मापाचं आहे का, आणि त्याचे पट्टे लागतात का? समोरच्या डोंगरावर वळवाचे ढग दिसतायत का? पाणी भरलं तर ही होडी तरंगते का? नावाड्याला पोरापोरींच्या गलक्यात "खाली बसा" म्हणायचा संकोच वाटत असेल, तर ते आपणच म्हणूया. आणि उलटलीच, तर काठ कितीही जवळ दिसला तरी होडीला धरून राहा. बहुतेक होड्या पालथ्या झाल्या तरी तरंगतात, आणि मदतीला येणाऱ्यांना पाण्यातल्या डोक्यापेक्षा पालथी होडी लवकर दिसते.