उत्खननाचा हंगाम आणि आपले तरुण अभ्यासक

भारतातील बौद्ध धम्माचा इतिहास दोन ठिकाणी टिकून राहिला : ग्रंथांत आणि मातीत. ग्रंथांचा मोठा भाग सिंहल, ब्रह्मदेश, तिबेट व चीन या देशांनी सांभाळला. मातीतील भाग मात्र याच भूमीच्या उदरात राहिला. सारनाथ, भरहूत, सोपारा, पवनी ही नावे आज आपण आदराने उच्चारतो. परंतु या स्थळांचा इतिहास कोणत्या रीतीने उजेडात आला आणि तो उजेडात आणणाऱ्यांत आपण कोठे होतो, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेली काही मुले-मुली आज आपल्या समाजातून पुढे येत आहेत. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न साधा वाटतो : उत्खननाच्या हंगामात काम कसे मिळवावे? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

हंगामाची परंपरा

पुरातत्त्वाच्या अहवालांत वर्ष नेहमी जोडून लिहिलेले असते : १९०४-०५, १९६९-७०. याचे कारण म्हणजे आपला पाऊस. पावसाळ्यात चरांत पाणी साचते, कडा ढासळतात व स्तर ओळखू येत नाहीत. म्हणून पाऊस ओसरल्यावर खोदकाम सुरू होते आणि उन्हाळा कडक होईपर्यंत चालते. पावसाळ्याचे महिने खापरांची वर्गवारी, रेखाटने व लेखन यांत जातात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात एका ठिकाणी राहून नंतर चारिकेस निघणाऱ्या भिक्खूसंघाचे वेळापत्रकही याच ऋतुचक्राने घडविले होते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

या परंपरेचे आरंभीचे मानकरी पुरातत्त्व शिकून आलेले नव्हते. १८६१ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून नेमले गेलेले अलेक्झांडर कनिंगहॅम हे लष्करी अभियंते होते. ह्युएन-त्संगचे प्रवासवर्णन हाताशी धरून हिवाळी दौऱ्यांत त्यांनी एकेक बौद्ध स्थळ निश्चित केले. सारनाथ येथे १९०४-०५ च्या हंगामात अशोकस्तंभ व सिंहशीर्ष उजेडात आणणारे एफ. ओ. ओर्टेल हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंते होते. २६ जानेवारी १९५० रोजी भारताने स्वीकारलेली राजमुद्रा ही त्याच एका हंगामाची देणगी होय.

आपल्या मुलखाशी निगडित उदाहरण पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे आहे. जुनागढच्या या तरुणाजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी शिलालेखांचे ठसे व नकला घेत ते देशभर हिंडले आणि हिंडता हिंडता शिकले. १८८२ मध्ये त्यांनी सोपारा येथील स्तूप उकलला. त्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, तसेच मैत्रेय व सात मानुषी बुद्धांच्या मूर्ती मिळाल्या. पुढे लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. क्षेत्रकार्य हेच त्यांचे विद्यापीठ ठरले.

शिक्षणाशिवाय कुदळ

मात्र केवळ कुदळ हाती आली म्हणून इतिहास हाती येत नाही. १७९४ मध्ये बनारसच्या जगतसिंगाच्या माणसांनी विटा-दगडांसाठी सारनाथचा एक स्तूप पाडला. त्यात निघालेले अस्थिअवशेष गंगेत सोडून देण्यात आले. स्तूप गेला, अवशेष गेले आणि त्यांच्याबरोबर पुरावाही गेला. नंतरच्या काळातही मूर्ती व नाणी मिळविण्याच्या भरात मातीचे थर नीट न नोंदविण्याची चूक पुष्कळ ठिकाणी झाली.

या उणिवेवर १९४४ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिला येथे प्रशिक्षणवर्ग भरवून उपाय केला. देशभरातील विद्यापीठे व संग्रहालये यांतून आलेल्या तरुणांना तेथे प्रत्यक्ष चरात उभे करून स्तरशास्त्र शिकविले गेले. त्या पिढीतील बी. बी. लाल व बी. के. थापर पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. महाराष्ट्रात डॉ. ह. धी. सांकळिया यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये हीच शिस्त रुजविली. इनामगावच्या उत्खननात हंगामामागून हंगाम विद्यार्थी तयार होत गेले. तात्पर्य, या विद्येत मोठे झालेल्यांच्या वाटचालीच्या आरंभी बहुधा एखादा हंगाम असतो आणि त्या हंगामात जागा देणारा कोणीतरी असतो.

त्या जागेवर नवख्याला काय करावे लागते? पांढरीच्या टेकाडावर खुंट्या रोवून चौरस आखणे, वरून खाली स्तरांना क्रमांक देणे, सापडलेली वस्तू कोणत्या चरात, किती खोलीवर व कोणत्या स्तरात मिळाली याची नोंद ठेवणे, खापरे धुऊन त्यांवर खुणा घालणे, चराच्या उभ्या भिंतीचे रेखाटन करणे. काम कंटाळवाणे वाटते, पण पुराव्याचे सारे मोल या नोंदींत असते. स्तराची नोंद हरवलेली मूर्ती संग्रहालयाची शोभा वाढविते. इतिहासाला तिचा उपयोग थोडाच होतो.

विदर्भातील दोन स्थळे

नोंदींचे हे मोल विदर्भातील दोन स्थळांवरून स्पष्ट होईल. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटात स्तूप निघाला. ब्राह्मी लेख कोरलेले वेदिकास्तंभ निघाले. मुचलिंद नागराजाचे शिल्पही मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या नागभूमीत धम्मदीक्षा घेतली, त्या प्रदेशातील धम्माची प्राचीन मुळे अशी स्तरांच्या पुराव्यानिशी सिद्ध झाली.

दुसरे स्थळ रामटेकजवळील मनसर. येथे १९९७-९८ पासून नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राने उत्खननाचे अनेक हंगाम चालविले. बौद्ध संस्थेने उत्खननाचा भार उचलावा, ही आपल्या चळवळीतील महत्त्वाची घटना होय. मनसरच्या अवशेषांच्या अर्थाविषयी मात्र मतभेद आहेत. एक पक्ष त्यांत नागार्जुनाशी निगडित बौद्ध परंपरा पाहतो. दुसरा पक्ष वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर व शिवमंदिर पाहतो. अशा वादात श्रद्धेचा आवाज कितीही मोठा असला तरी तो निकाल देऊ शकत नाही. चरात उभे राहून स्तर वाचलेली आणि अहवालाच्या भाषेत उत्तर देऊ शकणारी माणसे आपल्याजवळ किती आहेत, यावर आपल्या म्हणण्याचे वजन ठरते.

१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी इतिहासातील निखळलेल्या दुव्यांचा प्रश्न चर्चिला आहे. दुवे मिळत नसतील तेव्हा इतिहासकाराने तर्क व कल्पनाशक्ती यांच्या साहाय्याने ते जोडावेत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी तर्काने जोडलेले दुवे पुराव्याने तपासणे हे पुढच्या पिढीचे कर्तव्य ठरते.

अडचण कोठे आहे?

गावाच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानली जात असे. मातीची खूण ज्याला ठाऊक होती, त्याला त्या मातीचा इतिहास लिहिण्याचा अधिकार मात्र नव्हता. उत्खननातही बराच काळ हेच घडले. कुदळ, फावडे व घमेले घेऊन रोजंदारीवर राबणारे हात गावातल्या कष्टकऱ्यांचे असत. अहवालांत त्यांची नावे क्वचितच येतात.

आता त्या घरांतील मुले पदव्या घेऊन येत आहेत, पण हंगाम मिळणे सोपे नाही. उत्खननास केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि मंजूर झालेल्या उत्खननांची नावे हंगामागणिक जाहीर होतात. त्यांतील साहाय्यकाच्या जागा पुष्कळदा प्राध्यापकांच्या शिफारशीने किंवा ओळखीने भरल्या जातात. मानधन तुटपुंजे असते आणि काही ठिकाणी केवळ राहण्या-जेवण्याची सोय होते. हंगाम संपला की पुढचे महिने रिकामे. ज्याच्या घरी आधार आहे तो असे दोन-तीन हंगाम काढून अनुभव जमवितो. ज्याच्या कमाईकडे घर डोळे लावून बसले आहे तो पहिल्याच वर्षी दुसरी नोकरी धरतो. अशा रीतीने बुद्धीचा दोष नसताना तो या क्षेत्राबाहेर जातो.

तरुणांनी आपल्याकडून करावयाचे ते करावे. यादी जाहीर होताच उत्खनन-संचालकांना स्वतः पत्र लिहावे. आपणास काय येते ते नेमके सांगावे. रेखाटन, छायाचित्रण, मोजणी किंवा ब्राह्मी लिपी यांपैकी एक तरी विद्या पक्की करावी. पाली जाणणारा साहाय्यक बौद्ध स्थळावर विशेष उपयोगी पडतो. ग्रेटर नोएडा येथील पुरातत्त्व संस्थेच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदविकेसाठीही प्रयत्न करावा.

त्रिरश्मी लेण्यांचा धडा

बाकीचे काम समाजाचे आहे आणि त्याचा आदर्श आपल्याच लेण्यांत कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापणांचा अक्षयनिधी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवला. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक प्रमाणे व्याज ठरले. वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण होतात. त्यांतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी तरतूद होती. मूळ रक्कम मोडावयाची नाही. फक्त व्याज वापरावयाचे. एका ऋतूची गरज ओळखून केलेली ही काटेकोर व्यवस्था होती.

आज विहारांनी व आपल्या संस्थांनी असाच एखादा निधी उभारावा. त्याच्या व्याजातून दरवर्षी दोन-चार तरुणांना उत्खननाच्या हंगामापुरता निर्वाह आणि नंतरच्या पावसाळ्यात अहवाल लिहिण्यापुरता आधार मिळाला, तरी दहा वर्षांत जाणत्या अभ्यासकांची एक पिढी तयार होईल. वर्षावासात विहारांतून दान गोळा होतच असते. त्यातील एक वाटा या निधीकडे वळविणे अवघड नाही. प्राचीन उपासकांनी दिलेल्या दानातून लेणी उभी राहिली. त्या लेण्यांचा इतिहास वाचणारे डोळे तयार करण्यासाठी दिलेले दानही धम्मदानच ठरेल.