सही कोणाची?

आमच्या मुळशी तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे आणि पौडची तहसील कचेरीही. तालुका एक, पण जगं दोन! हिंजवडीतला इंजिनिअर सरकारी नोकरीत का जाईल?

नंदन निलेकणी २००९ साली इन्फोसिस सोडून 'आधार'साठी सरकारात गेले. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलंसुद्धा. पण त्यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा होता, संस्थाही नवी कोरी. साध्या प्रोग्रॅमरला कोण विचारतो?

सातबाऱ्याचंच बघा ना. तो संगणकावर आला, तरी तलाठ्याच्या सहीसाठी खेपा होत्याच. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. यंत्र आधीच आलं होतं, सहीचा हट्ट नंतर सुटला. हुशार पोरं सरकारात हवी असतील, तर पगाराआधी हा हट्ट सोडावा, असं आपलं मला वाटतं.